आक्काचा तांबडा गोल

आक्का, आज सकाळी कॉलेजच्या ऑफिसातून मेसेज आला. ऑनलाइन बोर्डाच्या यादीतून तुझं नाव काढा, ती जागा नव्या व्हिजिटिंग मॅडमना द्यायची आहे. तुझं बारावं होऊन आज तिसरा दिवस. मी मेसेज दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला, चहा टाकला, तो उतू जाऊ दिला, आणि शेवटी लॅपटॉप उघडून तुझ्याशी भांडायला बसले. रडून झालंय माझं. तुझ्या सुनेसमोर, सुजातासमोर रडले, बेळगावात वडगावला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावताना रडले, येळ्ळूरला घरी येऊन भांडी घासताना रडले. आता रागाची पाळी आहे. तुझ्यावरचा राग, माझ्यावरचा, त्या बोर्डावरचा आणि ऑफिसातल्या त्या माणसावरचा. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही हे कळतं मला. तरी यायचा तो राग येतोच.

यादीत तुझं नाव अजून आहे. 'रत्नाआक्का, वडगाव'. मीच टाइप केलं होतं. मी नुसतं 'रत्ना' लिहिलं तर तू मान हलवलीस. "वडगाव लिव्ह की गं. नुसत्या रत्ना लई असतील जगात."

आठवतं तुला तो दिवस? सगळी कॉलेजं बंद होती, मुलं आपापल्या घरी अडकली होती आणि मला कापडावरची नक्षी शिकवायची होती, पडद्यावरून. मी टॅबलेट पिशवीत घालून तुझ्याकडे आले, तोंडाला फडकं बांधून. तुला समजावून सांगितलं की हा पांढरा फळा आहे, इंटरनेटवरचा. मी येळ्ळुरात बसून काढलेलं निपाणीच्या पोरीला दिसतं, तिनं काढलेलं तुला इथं वडगावात दिसतं. प्रत्येकाचा एक बाण असतो, बाणाखाली नाव असतं, आणि सगळे एकाच वेळी एकाच फळ्यावर काम करतात. तू टॅबलेट गुडघ्यावर घेतलास आणि बोटानं फळा डावीकडे सरकवत राहिलीस. सरकवत राहिलीस, सरकवत राहिलीस. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "ह्याची कड कुठाय?"

मी म्हटलं, कड नसते, आक्का. हवं तेवढं पसरता येतं. हीच तर गंमत आहे.

"कड न्हाय तर सुरुवात कुठनं करायची?" असं म्हणून तू टॅबलेट माझ्या हातात परत दिलास आणि विणायला हातमागाच्या खड्ड्यात उतरलीस. मला राग आला होता. तोंडाला फडकं बांधून एवढ्या लांब आलेली मी, आणि तुझं हे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून तो राग होता, हे आज कबूल करते.

तुझ्यावर रागावण्याची सवय मला जुनी आहे. टेक्स्टाइल डिझाइनच्या पदवीची शेवटच्या वर्षाची फाइल घेऊन मी पहिल्यांदा तुझ्या दारात आले तेव्हा तू माझी फाइल उघडलीही नाहीस. मला ताण्यापाशी बसवलंस आणि उभे धागे मोजायला लावलेस. एका इंचात किती? मग आडवे किती? मग परत उभे. तीन दिवस नुसतं मोजत बसवलंस मला, आणि चौथ्या दिवशी ग्राफचा कागद पुढ्यात टाकून म्हणालीस, आता काढ कोयरी. मी काढली. दिमाखात काढली. तू कागद हातात घेतलास, तांबडी पेन्सिल उचललीस, माझ्या कोयरीच्या पोटाशी एका जागी गोल केलास आणि कागद परत दिलास. बस्स. काय चुकलं ते सांगितलं नाहीस. खोडलं नाहीस. दुरुस्त केलं नाहीस. स्वतःच्या कामाला लागलीस.

मी तासभर त्या गोलाकडे बघत होते. शेवटी दिसलं की देठाजवळ धागा ग्राफची आठ घरं उघडाच तरंगतोय, त्याला कुठं आधारच नाही, कापड नेसलं की बोटात, बांगडीत अडकून तुटणार. मी ओरडले, "आक्का, धागा लांब सुटलाय!" तू उठलीस, पेन्सिल घेतलीस आणि त्या गोलाच्या मधोमध एक ठिपका दिलास. सापडली चूक. एवढाच त्याचा अर्थ. पण तो ठिपका बघून मला जे वाटलं ते पदवीच्या दिवशी वाटलं नाही.

चूक खोडायची नाही, तिच्याभोवती गोल करायचा आणि गप्प बसायचं. ज्याची चूक त्यानं शोधायची. सापडली की ठिपका. तुझ्या घरात हीच रीत होती. तुझ्या सासऱ्यांनी तुझ्या ग्राफवर असेच गोल केले, तू सुजाताच्या ग्राफवर केलेस. भिंतीतल्या कपाटात तू जुन्या ग्राफांची चळत ठेवली होतीस. निम्म्या कागदांवर गोल आणि ठिपके. एका कागदावर ठिपक्याशिवायचा गोल होता, तुझ्या नवऱ्याच्या हातचा ग्राफ. मी विचारलं तर म्हणालीस, "त्यांना गावलीच न्हाय ती." आणि हसलीस. आम्ही दोघी हसलो.

शेवटी तो टॅबलेट तू ठेवून घेतलास, दर मंगळवारी माझ्या मुलांचा तास घेऊ लागलीस, हीच रीत बोर्डावर आणलीस आणि माझ्या तासांचं वाटोळं केलंस.

वाटोळंच म्हणायचं. ऑनलाइन तासाला शांतता परवडत नाही, आक्का. वर्गात तू गोल करून गप्प बसलीस तर मुलीला तुझा चेहरा दिसतो. बोर्डावर काय दिसणार? एक बाण, त्याखाली 'रत्नाआक्का, वडगाव', आणि तो हलतच नाही. पल्लवीच्या बुट्टीवर, कापडावरच्या छोट्या नक्षीवर, तू तांबडा गोल केलास तेव्हाची गोष्ट. निपाणीची पल्लवी, तंबाखूच्या व्यापाऱ्याची पोर, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची कारण घरात रेंज येत नव्हती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वर्गातल्या इंदूरच्या मुलीनं मला हळूच लिहून विचारलं, आक्का अटक गयीं क्या? मी घाईघाईनं म्हटलं, आक्का, आवाज येतोय का?

"येतोय की. मी हितंच हाय. पल्लवी, बघ गं, बघ. घाई काय न्हाय."

"आक्का, काय बघायचं ते तरी सांगा की," पल्लवी रडवेली झाली होती.

मग तू तिच्याशी कानडीत काहीतरी बोललीस. वर्गातल्या बाकीच्या कुणाला कळलं नाही, मला अर्धं कळलं. नोडु, नोडु, एवढं तर सगळ्यांनाच कळलं, बघ, बघ. तिचा आवाज सैल झाला. आणखी दहा मिनिटांनी ती किंचाळली, सापडलं, धागा लांब सुटलाय म्हणून, आणि तुझा बाण लगबगीनं आला आणि ठिपका देऊन गेला. एक तासाचा वर्ग, त्यात एका मुलीची एक चूक. बाकी सात जणांना मी काय शिकवलं? मी त्या दिवशी तुला फोनवर हेच विचारलं. तू म्हणालीस, सातजण बघत होते की. मी म्हटलं, बघत नव्हते आक्का, कॅमेरे बंद करून जेवत होते. तू म्हणालीस, "जेवू दे. कानानं शिकत्यात."

मला ते अजिबात पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण खरं सांगू? त्या सातांपैकी एकानंही पुढं कधी धागा आठ घरं सोडला नाही.

बोर्डानं मात्र तुझी रीत मोडायचा चंग बांधला होता. तू गोल केलास की मुलं काय करायची? मागे जायचं बटण दाबायची. चूक गायब, गोल गायब, सगळं स्वच्छ. कुणी तर ती जागाच कापून दुसरीकडून बरा तुकडा आणून चिकटवायची. तू चक्रावून जायचीस. "अगं, आत्ता हितं हुती की चूक! कुठं गेली?" शेवटी तू नियम केलास की गोल केलेल्या जागेला ठिपका पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हळूहळू बोर्डावर तुझे तांबडे गोल वाढत गेले. कोपऱ्या-कोपऱ्यात, मुलांनी चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांच्या मधे, काही ठिपक्याचे, काही रिकामे. मला तो पसारा वाटायचा. मुलं मात्र नवीन काही काढायच्या आधी जुन्या गोलांवरून एक फेरी मारून यायची. मी ते बघत होते आणि तरी मला ते दिसलं नाही.

आणि तुझे चौकोन. आपलं सगळ्यात मोठं भांडण. बोर्डाला स्वतःची जाळी असते, सरळ सारखे चौकोन, एक बटण दाबलं की येते. तू ती पहिल्या दिवशी बघितलीस आणि म्हणालीस, "ह्यो चौकोन खोटा हाय." मी समजावलं, चौकोन तो चौकोन, त्यात खोटं-खरं काय? तू चिडलीस. माझ्या मागावर आडवा धागा दाबून बसतो, म्हणालीस, इंचात उभ्यापेक्षा आडवे जास्त, मग घर बुटकं झालं की न्हाय? तीन दिवस मोजलंस ते काय इसरलीस व्हय? नव्हते विसरले. पण मी म्हटलं, प्रमाण नंतर बघता येतं, शेवटी सॉफ्टवेअरमधून नीट करून घेऊ. तू ऐकलं नाहीस. तू त्या टॅबलेटवर, बोटानं, रेघ रेघ ओढून तुझी स्वतःची जाळी आखलीस. बुटकी, आडवी घरं. तीन दिवस लागले तुला. रेघा कुठं कुठं हललेल्या, एक घर मोठं, एक बारीक. मुलं त्या जाळीवर कोयरीची रेघ काढू लागली. ती दिसायला वाकडी होती आणि मला तिची लाज वाटायची. हे पहिल्यांदाच लिहितेय.

लाज वाटली म्हणूनच पुढचं घडलं. कॉलेजात एक समिती येणार होती, आमचं ऑनलाइन काम बघायला. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, वैशाली मॅडम, तुमचा बोर्ड दाखवू, तोच सगळ्यात भरलेला आहे, फक्त जरा नीटनेटका करा. मी रविवारी दुपारी बसले आणि नीटनेटका केला. मुलांच्या कोयरीच्या रेघा तेवढ्या ठेवल्या, एका ओळीत लावल्या. चिठ्ठ्या रंगाप्रमाणे लावल्या. तुझे गोल पुसले. तांबडं सगळं एकदम निवडता येतं त्यात, एका क्लिकमध्ये. आणि तुझी वाकडी जाळी काढून तिथं बोर्डाची सरळ जाळी टाकली. मग सगळं लॉक केलं, कुणाचा हात लागून हलायला नको म्हणून. बोर्ड इतका देखणा दिसत होता की मी स्वतःच फोटो काढला. समितीनं फार कौतुक केलं.

मंगळवारी तुझा तास. तुझा बाण आला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर गेला. मग एका जागी थांबला, जिथं पल्लवीचा पहिला गोल होता तिथं. तू काहीतरी काढायचा प्रयत्न केलास आणि कुलपाचं चित्र आलं. परत प्रयत्न केलास, परत कुलूप.

"वैशे, ह्यो फळा कुणाचा?"

आठ मुलं ऐकत होती. मी काय म्हणायला हवं होतं? थांब आक्का, उघडते, एवढं. पण तू सगळ्यांसमोर मला 'वैशे' म्हणालीस आणि मी मास्तरीण झाले. म्हटलं, फळा सगळ्यांचाच आहे आक्का, पण शिस्त हवी ना थोडी.

"व्हय," तू म्हणालीस. तुझ्या मागं शेजारच्या पॉवरलूमची खडखड चालू होती. तुला म्यूट करायला कधी जमलं नाही, त्यामुळे तू गप्प असलीस तरी तुझं घर ऐकू यायचं. मग ते पण बंद झालं आणि तुझा बाण नाहीसा झाला.

त्यानंतर आपण बोललो नाही. मी मनातल्या मनात तुला रोज सुनावत होते. एवढं काय झालं? चार गोल पुसले. मी काय तुझे कागद जाळले? मीच तुला या बोर्डावर आणलं, मीच इंदूरपर्यंत तुझं नाव पोचवलं, आणि तू आठ पोरांसमोर माझा पाणउतारा करतेस. हा बोर्ड नसता तर पल्लवी तुला कुठं भेटली असती? तिला निपाणीहून रोज बेळगावला कुणी पाठवलं नसतं. तूच एकदा म्हणाली होतीस की ही पोर माझ्या हाताखाली असती तर मी म्हातारी झाले नसते. मग? बोर्डाला नावं ठेवायची आणि बोर्डानं दिलेलं घ्यायचंही. असं सगळं मी स्कूटरवर येता-जाता तुला सुनावायचे. समोर आले नाही.

मी कोयऱ्यांपुरतं लॉक काढलं आणि मुलांनी घरं भरली. सरळ जाळीवर, एकेक चौकोन रंगवून. तू नव्हतीस, त्यामुळे तांबडं काही आलं नाही. आठ कोयऱ्या, दिसायला एकापेक्षा एक सुबक. नमुने विणून द्यायचं काम ठरल्याप्रमाणे तुझं होतं, म्हणून मी आठही ग्राफ सुजाताच्या फोनवर पाठवले. सोबत एक ओळ लिहिली, 'आक्कांना द्यावे.' आक्कांना! अकरा वर्षांत मी तुला पहिल्यांदा बहुवचन लावलं. सुजातानं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. तुझ्याकडून शब्द नाही.

इथंच माझा तुझ्यावरचा मोठा राग होता. तुझ्या नजरेला ती चूक एका क्षणात दिसली असणार. आठ ग्राफ हातात आले आणि तुला कळलं असणार की घरं बदलली आहेत, मागावर सगळं बसकं येणार. मग एक फोन करायला काय झालं होतं तुला? "वैशे, चुकलीस," एवढे दोन शब्द. मी चिडले असते, पण दुरुस्त केलं असतं. गेले दोन दिवस मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय की आक्कानं एक फोन करायला हवा होता.

तू केला होतास.

मी कणकुंबीला नणंदेकडे गेले होते, पूजेला. तिथं जंगलात रेंज नाही हे तुला माहीत नव्हतं. संध्याकाळी परतताना जांबोटीच्या अलीकडं फोनला जाग आली आणि मेसेज आले, तुझे दोन मिस्ड कॉल, लागोपाठचे. मी बघितले. मनाशी म्हटलंसुद्धा, आली शेवटी ताळ्यावर. उद्या करते म्हटलं. उद्याचं परवा झालं. मग वाटलं, गरज असेल तर करेल परत. तू परत केला नाहीस आणि मी तेही तुझ्या हट्टात जमा केलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सुजातालाही नाही. तुलाच सांगतेय.

तू गेल्याचं सांगायला सुजाताचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, बोर्ड उघडा होता. "आत्या गेल्या, ताई," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि मुलांना तास संपला म्हणून सांगितलं. कारण रात्री लिहून कळवलं. आठ बाण एकेक करून गेले. नंतर कळलं, छातीत दम भरत होता, डॉक्टरनं मागाच्या खड्ड्यात उतरू नको म्हणून बजावलं होतं. "ऐकत्यात कुठं?" सुजाता म्हणाली. "म्हटल्या, वैशीचं काम अर्धं हाय." माझं काम. तुझा श्वास पुरत नव्हता आणि तू माझं काम विणत बसली होतीस. मला तुझा किती राग आला, आक्का. तिथंच तुझ्या दारात, माणसं बसलेली असताना.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी एकच केलं. तुझे गोल शोधले. बोर्ड आपली जुनी रूपं जपून ठेवतो, तारखेनिशी, मागं जाऊन बघता येतं. गेले मागं. महिन्याच्या पलीकडचं पुसलेलं होतं. मी तो रविवार मोजला, आणि पाच दिवसांनी हुकले होते. पाच दिवस आधी माझी अक्कल जागी झाली असती तर तुझा प्रत्येक गोल, ठिपक्यासकट, तुझ्या वाकड्या जाळीसकट परत आला असता. मी सर्व्हिसवाल्यांना लिहिलं. त्यांचं छापील उत्तर आलं, खेद आहे म्हणून. माझ्याकडे राहिला तो मी काढलेला देखण्या बोर्डाचा फोटो. तो मी पुसून टाकला आणि मग तो पुसला याचाही राग आला.

बाराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर सुजातानं मला आत बोलावलं. मागावरून कापड उतरवलं होतं. "हे तुमचं. आत्यांनी पुरं केलतं," म्हणाली, आणि घडी माझ्या हातात दिली. मी तिथंच उलगडलं. दुधी रंगाचं कापड, दोन हात लांब, त्यावर दोन ओळींत चार-चार कोयऱ्या, हातानं उचलून विणलेल्या. प्रत्येक घर ग्राफमध्ये होतं तसंच. आणि आठही बसक्या. कुणीतरी वरून तळहातानं दाबल्यासारख्या, पोट सुटलेल्या, बटाट्याला देठ लावावा तशा. इतकं सफाईदार विणकाम आणि इतकी ओबडधोबड नक्षी मी एका कापडावर कधी बघितली नव्हती.

मला आधी वाटलं, तू सूड उगवलास. मग ते दिसलं. तांबड्या दोऱ्याचा धावदोरा, सुईनं घातलेला. मी प्रत्येक कोयरीवर तुझा गोल शोधत होते, आठ मुलांचे आठ गोल. तसे नव्हतेच. एकच गोल होता, मोठा, आठही कोयऱ्यांना आत घेणारा. मुलांच्या आठ चुका नव्हत्या. एकाच माणसाची एक चूक होती.

काय आहे ती, हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. घरी येऊन पट्टी घेतली, भिंग घेतलं, आणि अकरा वर्षांनी परत धागे मोजत बसले. एका इंचात उभे किती. आडवे किती. परत उभे. मग लॅपटॉप उघडून मी घातलेल्या त्या सरळ, देखण्या चौकोनांकडे बघितलं.

काल तास घेतला. पहिल्यांदा बोर्डाचं लॉक काढलं, सगळं. मग तुझ्या कापडाचा फोटो टाकला मधोमध आणि म्हटलं, आक्कांनी गोल केलाय, बघा. आणि गप्प बसले. तू बसायचीस तशी. फार अवघड असतं गं ते. दर मिनिटाला वाटायचं, सांगून टाकावं. दोनदा तोंड उघडून मिटलं. आठ बाण त्या कापडावर फिरत होते, कोयरीवरून कोयरीवर, प्रत्येकजण आपापली चूक शोधत. इंदूरची मुलगी म्हणाली, मॅम, मेरी वाली तो ठीक भरी है.

पल्लवीच्या आवाजात गच्चीवरचा वारा येत होता. ती कितीतरी वेळानं बोलली. "मॅडम, आक्कांची घरं बुटकी हुती. हितली चौकोनी हाईत." तिचा बाण सरळ जाळीवर जाऊन टेकला. "घरं कुणी बदलली?"

मी म्हटलं, "मी."

मग मी सगळं सांगितलं, समिती, रविवार, तांबडं एकदम निवडून पुसलं ते. मिस्ड कॉलचं सांगितलं नाही, ते आपल्या दोघींत. पल्लवी म्हणाली, आम्ही आक्कांची जाळी परत आखतो. आठ मुलं बोटांनी रेघा ओढायला लागली, बुटक्या, आडव्या, हलणाऱ्या. आज सकाळी बघितलं तर अर्ध्याहून जास्त झालीय. तुझ्याइतकीच वाकडी आहे.

ऑफिसला मी उत्तर पाठवलं नाही. संध्याकाळी फोन येईल, मी काहीतरी कारण सांगेन, ते दोन दिवसांनी परत विचारतील. शेवटी काढावं लागेल नाव, मला माहीत आहे. नव्या मॅडमनाही बसायला जागा हवी. काढायच्या आधी तुझे चौकोन पुरे होऊ देते, एवढंच.

तुझं कापड समोर टेबलावर पसरलंय. शेजारी सुई आहे, तांबडा दोरा आहे, सुजातानं रीळसुद्धा दिलं तुझं. काल तास संपल्यावर इंदूरच्या मुलीनं विचारलं होतं, मॅम, अब तो डॉट दे दें? सापडली ना चूक. सुईत दोरा ओवूनही झाला माझा. पण ठिपका आपण आपला द्यायचा नसतो, हे तूच शिकवलंस. मला चूक सापडली, आक्का. ऊठ आणि ठिपका दे.